दरमहा अडीचशे रुपये : सहकारनगरातील एका संगीत संस्थेचे प्रकरण

पुण्यात पर्वतीच्या दक्षिणेला, सहकारनगरच्या जुन्या बंगल्यांच्या वसाहतीत, एका बंगल्याच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत आमची संगीत संस्था दोन दशकांहून अधिक काळ चालत आली. आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी गायन, तबला आणि हार्मोनियमचे वर्ग, वर्षातले दहा महिने दुसऱ्या शनिवारी गाण्या-वाजवण्याची एक विनामूल्य बैठक, आणि ज्यांना वाद्य विकत घेणे परवडत नाही अशा मुलांना घरी रियाजासाठी द्यायच्या तबल्याच्या काही जोड्या व दोन हार्मोनियम, एवढाच संस्थेचा पसारा. मी २०१९ पासून तिचा खजिनदार आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात संस्था बंद करण्याचा ठराव आमच्या कार्यकारिणीसमोर आला होता, आणि २०२४ च्या मार्चमध्ये ती चालू होती. या दोन तारखांच्या दरम्यान काय घडले, कोणते उपाय फसले आणि परिसरातील माणसांनी नेमके काय केले, याची नोंद अशाच अवस्थेतील इतर संस्थांना आणि त्याहूनही त्यांच्या शेजाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे टिपण लिहीत आहे. संस्थेचे, देणगीदारांचे आणि कलाकारांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, आणि रकमा ढोबळ केल्या आहेत.

प्रथम हिशेब सांगतो, कारण सगळा प्रश्न त्यातच होता. वर्षाचा खर्च सुमारे ९ लाख रुपये होता. त्यात जागेचे भाडे महिना २२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. चार शिक्षकांचे मानधन ३ लाख. दहा बैठकींचा खर्च प्रत्येकी २५ हजार धरून अडीच लाख. आणि उरलेल्या ८६ हजारांत वाद्यांची दुरुस्ती, वीज, झाडलोट, छपाई व लेखापरीक्षण. बैठकीच्या २५ हजारांत मुख्य कलाकाराची बिदागी, तबला व हार्मोनियमच्या साथीदारांचे मानधन, ध्वनिव्यवस्था, प्रवासखर्च आणि चहा येई. उत्पन्नाच्या बाजूला साठ विद्यार्थ्यांची महिना ६०० रुपये फी दहा महिन्यांची मिळून ३ लाख ६० हजार, बैठकीला दाराशी ठेवलेल्या देणगीपेटीत आणि वार्षिक सभासदांकडून ६० हजार, ठेवींचे व्याज ३० हजार, आणि एका उद्योजक कुटुंबाकडून दरवर्षी न चुकता येणारे ४ लाख. हे सर्व मिळूनही ५० हजारांची तूट राही, ती गंगाजळीतून भरली जाई. साठ विद्यार्थ्यांखेरीज तळजाई पठारावरच्या वस्तीतील चौदा मुले फी न देता शिकत होती, आणि ती आमच्या दृष्टीने संस्थेच्या कामाचा गाभा होती.

ही आकडेवारी शांतपणे वाचली तर धोका लगेच दिसतो : नऊ लाखांतले चार लाख एका घरातून येत होते. आम्हाला मात्र तो अनेक वर्षे दिसला नाही, कारण ते घर फार चांगले होते. त्यांनी कधी कलाकाराचे नाव सुचवले नाही, मागे आपला फलक लावा असे म्हटले नाही, आणि मार्च २०२० मध्ये कोविडमुळे वर्ग बंद पडल्यावरही दोन्ही वर्षे धनादेश पाठवला. व्हिडिओ कॉलवर तबला शिकवणे किती अवघड असते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच त्या धनादेशाची किंमत कळेल. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गुरूची टाळी आणि शिष्याची थाप यांच्यात अर्ध्या सेकंदाचे अंतर पडत असताना लयीची शिकवण जवळजवळ अशक्य होते, तरीही शिक्षकांचे मानधन त्या काळात थांबले नाही ते त्या कुटुंबामुळे. २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील नाट्यगृहे निम्म्या आसनक्षमतेने पुन्हा उघडली, हळूहळू बैठकीही सुरू झाल्या, आणि आता सगळे रुळावर येईल असे वाटत असतानाच मे २०२२ मध्ये त्या कुटुंबातील ज्येष्ठांचा निरोप आला की यापुढे व्यवसायाची सूत्रे पुढच्या पिढीकडे जात असून त्यांनी आरोग्याच्या क्षेत्रात मदत करायचे ठरवले आहे. त्यांच्याबद्दल आमच्या मनात आजही कृतज्ञताच आहे. तक्रार करायचीच तर ती आमच्या नियोजनाबद्दल करायला हवी.

त्याच महिन्यात दुसरी बातमी आली. बंगल्याच्या मालकांनी पुनर्विकासाचा करार करायचे ठरवले होते आणि वर्षभरात जागा रिकामी करून देण्याची विनंती केली होती.

समोर असलेले मार्ग

जूनमधील सभेला कार्यकारिणीचे नऊही सदस्य हजर होते, असे क्वचितच घडे. साडेचार लाखांची तूट कशी भरायची यावर चार सूचना आल्या, आणि त्यांपैकी प्रत्येकीचा हिशेब करून पाहिला.

पहिली सूचना फी वाढवण्याची होती. साठ विद्यार्थ्यांवर साडेचार लाख वाटले तर प्रत्येकी दरमहा ७५० रुपये जास्त पडतात, म्हणजे ६०० ची फी १,३५० होते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीचशी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांना बसतात, आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचा विचार करून काही पालक मुलांना आठवीत आणतात हे खरे आहे. असे पालक वाढीव फी कदाचित देतीलही, पण ती मुले दहावीनंतर बहुधा येत नाहीत. जी येत राहतात, विशारद या वरच्या परीक्षेपर्यंत जातात, त्यांत रिक्षाचालकाची मुलगी आहे, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंचा मुलगा आहे. दुपटीहून अधिक फी झाली असती तर संस्था टिकली असती आणि जिच्यासाठी ती आहे ती मुले बाहेर गेली असती.

दुसरी सूचना बैठकीला तिकीट लावण्याची होती. खोलीत दाटीवाटीने ऐंशी माणसे बसतात. खर्च २५ हजार म्हणजे माणशी सव्वातीनशे रुपयांच्या आतबाहेर. पाचशे रुपयांपर्यंतच्या अशा तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही, तेव्हा करदृष्ट्या अडचण नव्हती. अडचण निवडीची होती. तिकीट लावले की ज्याच्या नावावर तिकीट खपते त्यालाच बोलवावे लागते. आमच्या दहा बैठकींपैकी सहा-सात तिशीच्या आतल्या गायक-वादकांच्या असतात, आणि त्यांचे नाव अजून कुणाला माहीत नसते. ऐंशी जाणत्या कानांसमोर चाळीस मिनिटे संथ लयीतला विलंबित ख्याल धरून ठेवणे, समोरच्या आजोबांची मान कुठे हलली आणि कुठे थांबली ते पाहून रागाची पुढची बढत, म्हणजे विस्तार, करणे, हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही. पुणेकर डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मंडपात हजारोंच्या संख्येने बसतात. १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव शहराच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो असायलाच हवा. परंतु त्या मंचावर बसणारा तरुण कलाकार तिथवर पोचण्याआधी अनेक वर्षे लहान खोल्यांत, सतरंजीवर, पंख्याच्या आवाजात गायलेला असतो. त्या खोल्यांचे भाडे कोणी भरायचे, हा प्रश्न महोत्सवाच्या तिकिटातून सुटत नाही.

तिसरी सूचना कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची होती. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीचा समावेश आहे, आणि ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. त्यासाठी एप्रिल २०२१ पासून संस्थेने स्वतंत्र नोंदणी करणे आवश्यक आहे. ती आम्ही केली आणि दोन ठिकाणी प्रस्ताव दिले. दोन्ही ठिकाणी आमच्याशी सौजन्याने बोलणे झाले, पण त्यांना हवा होता ठरावीक मुदतीचा, छायाचित्रांत दिसणारा प्रकल्प. तबल्याची पुडी, म्हणजे वरचे चामडे, बदलणे, झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार आणि दर महिन्याचे वीजबिल या गोष्टी प्रकल्पात बसत नाहीत, आणि संस्था तर त्यांच्यावरच चालते.

चौथा मार्ग सर्वांत मोहात पाडणारा होता. एका व्यावसायिकाने वर्षाला पाच लाख देऊ केले. अट अशी की मासिक बैठकी थांबवून त्याऐवजी मोठ्या नाट्यगृहात वर्षातून एक चित्रपटसंगीताची रात्र करावी, आणि निवेदन, कलाकार व मंचामागचा फलक त्यांच्या पसंतीचा असावा. चित्रपटसंगीत आम्हाला परके नाही, आमचे शिक्षकच उत्तम गातात. पण कुणी गायचे, काय गायचे आणि मागे काय लिहायचे हे तिन्ही दुसरे कुणीतरी ठरवणार असेल, तर संस्थेची म्हणून उरते फक्त नोंदणी क्रमांकाची ओळ. पाच विरुद्ध चार मतांनी हा प्रस्ताव नाकारला गेला. त्या चार जणांचे मत चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण त्या दिवशी आमच्याजवळ पाचवा मार्ग नव्हता.

पहिले आवाहन

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १८७४ साली याच शहरात गायन समाज स्थापन झाला. १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाज उभा केला, आणि १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धनांनी आपल्या गुरूंच्या मार्गाने येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ते गुरू, विष्णु दिगंबर पलुस्कर, यांनी १९०१ मध्ये लाहोरला जे विद्यालय काढले ते राजाश्रयावर नव्हे तर लोकांच्या मदतीवर आणि आपल्या जाहीर मैफलींच्या उत्पन्नावर चालवण्याचा निश्चय करूनच. संगीत दरबारातून लोकांत आले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मात्र दरबार गेल्यावर त्याचा खर्च लोकांकडे आला, हा तिचा दुसरा अर्धा भाग आपण सहसा सांगत नाही. पलुस्करांची मुंबईतील विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली, हेही त्याच इतिहासात आहे.

आमचे पहिले आवाहन या इतिहासावरच आधारलेले होते. जुलै २०२२ मध्ये आम्ही एक पत्रक काढले. त्यात भारतीय संगीताची थोर परंपरा होती, कला जगली तर समाज जगेल असे वाक्य होते, आणि तळाशी ठळक अक्षरांत आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली करसवलत मिळेल असे लिहिले होते. हजार प्रती वाटल्या. दोन महिन्यांत १९ जणांकडून ३८ हजार रुपये आले, आणि त्यांतले अकरा जण कार्यकारिणीचे नातेवाईक होते.

हे पत्रक का फसले याचा विचार आम्ही पुष्कळ केला. माझे मत असे की त्यात खोटे काहीच नव्हते, पण शेजाऱ्याला सांगण्यासारखेही काही नव्हते. परंपरा थोर आहे हे वाचून माणूस मान डोलावतो आणि पत्रक बाजूला ठेवतो, कारण थोर परंपरेला त्याच्या अडीचशे रुपयांची गरज आहे असे त्याला वाटत नाही. करसवलतीचा मुद्दाही आम्ही नीट न समजता वापरला होता. त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यानुसार अशा देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळे, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. वर्षाला ३ हजार देणाऱ्या, तीस टक्के कर भरणाऱ्या माणसाचा त्यामुळे सुमारे साडेचारशे रुपयांचा कर वाचे, आणि २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय झाल्यावर बहुतेकांचा तोही वाचेनासा झाला. कराचा फायदा हा देण्याचे कारण होऊ शकत नाही. ज्याला द्यायचे आहे त्याच्यासाठी ती सोय असते.

पाटीवरचा हिशेब

वळण आणले ते आमच्या एका शिक्षिकेने. त्या म्हणाल्या, "सर, आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला मुले येतात तेव्हा कुणी परंपरेवर भाषण करते का? मंडप दिसतो, आरती ऐकू येते, पावती हातात पडते, म्हणून लोक देतात. आपला मंडप कुणाला दिसतो?"

सप्टेंबरात आम्ही फाटकाशी एक पाटी लावली आणि तिच्यावर गेल्या महिन्याचा संपूर्ण जमाखर्च लिहिला. भाडे इतके, तबल्याला शाई भरून घेतली तिचे इतके, बैठकीतील कलाकाराची बिदागी इतकी, साथीदारांची इतकी, वीज इतकी. बिदागी जाहीर करण्याआधी प्रत्येक कलाकाराची परवानगी घेतली आणि एकानेही नकार दिला नाही. खाली एकच ओळ होती : दीडशे घरांनी दरमहा अडीचशे रुपये दिले तर ही संस्था कुणाच्याही मेहेरबानीशिवाय चालेल. दीडशे गुणिले अडीचशे गुणिले बारा म्हणजे साडेचार लाख, हे तोंडी करता येण्याजोगे गणित होते, आणि दीडशे ही संख्याही डोळ्यांसमोर येणारी होती. आमच्या फाटकापासून पायी दहा मिनिटांच्या आत त्याच्या कितीतरी पट घरे आहेत.

वर्षानुवर्षे आमचे हिशेब नियमाप्रमाणे तपासले जात होते. संस्था नोंदणी अधिनियम आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली नोंदणी असल्याने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ते दरवर्षी सादरही होत होते. पण ज्या गल्लीत आम्ही राहतो तिथल्या माणसांना ते आम्ही कधी दाखवले नव्हते. वार्षिक सर्वसाधारण सभेला अकरा माणसे येत. ही आमची मोठी चूक होती आणि तिची किंमत आम्ही मोजली.

पाटी वाचून पहिल्याच आठवड्यात दोन घरांतून पैसे आले. मग रविवारी सकाळी आम्ही दोघे-दोघे घरोघर जाऊ लागलो, पावती पुस्तक घेऊन. या फेऱ्यांतून जे ऐकायला मिळाले ते माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोलाचे आहे.

समोरच्या इमारतीतल्या एका काकूंनी विचारले, "आमच्या घरात कुणी गात नाही, मग आमचा काय संबंध?" त्या रोज संध्याकाळी गॅलरीत बसतात हे मला माहीत होते. मी एवढेच विचारले की संध्याकाळी मुलांचा आवाज येतो तो त्रास वाटतो का. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "कोविडात तो थांबला तेव्हा गल्ली कशीतरीच वाटत होती." त्यांनी वर्षाचे पैसे एकरकमी दिले. एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न अधिक कठीण होता. त्यांचे म्हणणे असे की ज्या वस्तीत मुलांना अभ्यासाला जागा नाही तिथे आधी वाचनालय हवे, तबला नंतर. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण गरजांचा क्रम लावण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. पण फी न देता शिकणाऱ्या चौदा मुलांची हजेरी मी त्यांना दाखवली. वर्षभरात सर्वांत कमी गैरहजेरी त्यांचीच होती. ते पुढच्या बैठकीला आले, शेवटपर्यंत बसले, आणि त्यानंतर दर गुरुवारी त्या मुलांना वर्गाआधी एक तास गणित शिकवू लागले. पैसे त्यांनी दिले नाहीत, आणि मला वाटते ते जे देतात त्याची पावती फाडता येणार नाही.

एका तरुण संगणक अभियंत्याने सांगितले की सगळे गाणे आता मोबाइलवर फुकट ऐकायला मिळते. खरे आहे, मीही ऐकतो. परंतु मोबाइलवरच्या गायकाला ऐकणाऱ्याची गरज नसते. आमच्याकडे बसणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलाला ती असते, आणि त्याची दुसरी शिकवणी आपल्या समोर बसण्यातूनच होत असते. त्या अभियंत्याचे कुटुंब कोलकात्याहून आलेले, घरात आजी रवींद्रसंगीत गाणाऱ्या. आजींना अशी संस्था घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे याचाच पत्ता नव्हता. आज त्या पहिल्या ओळीत बसतात. परिसर म्हणजे तीन पिढ्या इथे राहिलेली मराठी घरे असा आमचा एक नकळत समज होता, तो या फेऱ्यांत गळून पडला. नव्या इमारतींतील कानडी, बंगाली आणि हिंदी भाषक घरांकडे आम्ही वीस वर्षांत कधी गेलोच नव्हतो.

फेब्रुवारी २०२३ अखेर ६४ घरे झाली, आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे पाटी लावल्यापासून वर्षाने, ११२.

कामाची मदत

११२ घरांतून वर्षाला ३ लाख ३६ हजार येतात, म्हणजे तूट अजून १ लाख १४ हजारांची राहत होती. ती भरली गेली ती पैशांखेरीज इतर मदतीमुळे. जून २०२३ मध्ये बंगला रिकामा करावा लागला तेव्हा देणाऱ्यांपैकीच एका कुटुंबाने त्यांच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडला, आणि सोसायटीने बैठकीसाठी आपले सभागृह केवळ वीज व सफाईच्या खर्चात द्यायचे ठरवले. त्यामुळे वर्गांपुरती लहान जागा महिना १४ हजारांत चालली आणि भाड्यात वर्षाला ९६ हजार वाचले. बैठकी आम्ही दहावरून आठवर आणल्या, त्यातून ५० हजार वाचले. दोन बैठकी कमी झाल्या याचे मला दुःख आहे आणि त्या परत आणायच्या आहेत.

कागदपत्रांचे काम एका निवृत्त बँक अधिकारी ताईंनी अंगावर घेतले. लहान देणग्यांच्या मार्गातला हा खराच अडथळा असतो. देणगीदाराला वजावटीसाठी १०बीई प्रमाणपत्र द्यायचे तर संस्थेला त्या वेळच्या नियमांप्रमाणे ३१ मेपर्यंत सर्व देणग्यांचे १०बीडी विवरण भरावे लागे, उशीर झाल्यास दिवसाला दोनशे रुपये शुल्क पडे, प्रत्येक देणगीदाराची ओळख क्रमांकासह नोंद लागे, आणि दोन हजारांवरील रोख देणगीला वजावट नव्हती. चार लाखांचा एक धनादेश नोंदवणे आणि अडीचशे रुपयांच्या तेराशेहून अधिक नोंदी ठेवणे यात किती अंतर आहे हे मी खजिनदार म्हणून सांगू शकतो. ताई नसत्या तर हा मार्ग कागदावर बरोबर आणि व्यवहारात अशक्य ठरला असता. ज्याला पैसे देणे जमत नाही, पण हिशेब, विजेची कामे किंवा छपाई येते, अशा शेजाऱ्याची संस्थेला तितकीच गरज असते, आणि हे संस्थांनी स्वतःहून सांगितले पाहिजे.

एक प्रश्न वारंवार आला, तो इथेच नोंदवतो : इतक्या वर्षांत तुम्ही शिल्लक का टाकली नाही? करमुक्त नोंदणी असलेल्या विश्वस्त संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातील ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी अशी अपेक्षा असते, आणि त्याहून अधिक साठवायचे तर कारण व मुदत सांगून रीतसर कळवावे लागते. नफा साठवण्यासाठी ही रचनाच नाही. दरवर्षी येणाऱ्या पैशावर दरवर्षीचे काम चालणे हा अशा संस्थेचा स्वभाव आहे, म्हणून नियमित येणारी लहान रक्कम तिला एकदाच येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा अधिक उपयोगाची.

अडचणी

लोकांचे पैसे आले की लोकांची मतेही येतात. काही ज्येष्ठांनी बैठकीत फक्त नाट्यसंगीत व्हावे अशी मागणी लावून धरली. एका सद्गृहस्थांनी आपण देणगी देतो म्हणून नातीला बैठकीत गायला बसवावे असे सुचवले. आम्ही नम्रपणे नाही म्हटले आणि त्यांनी देणे थांबवले. ज्या कारणासाठी आम्ही पाच लाख नाकारले होते त्याच कारणासाठी अडीचशेही नाकारावे लागतात, आणि दुसरे नाकारणे अधिक जड जाते, कारण तो माणूस रोज भेटतो. त्यानंतर कलाकार निवडण्यासाठी तिघांची समिती केली, तिच्यात देणाऱ्या घरांतून एक जण दरवर्षी बदलता ठेवला, आणि वर्षातील एक बैठक श्रोत्यांच्या सूचनेनुसार ठरवायचा नियम केला. पहिल्या वर्षी सूचना आली ती नाट्यसंगीताची, आणि ती बैठक उत्तम रंगली.

बैठकीला येणाऱ्यांची संख्याही बदलली. पूर्वी पन्नास-पंचावन्न माणसे असत, ऐंशी क्वचित होत. आता सोसायटीच्या सभागृहात शंभर खुर्च्या आणि पुढे बिछायत घातली तरी उशिरा येणारे उभे राहतात. माझा तर्क असा की ज्याने तबल्याच्या पुडीचे पैसे दिले तो ती कशी वाजते हे ऐकायला येतो. विनामूल्य प्रवेश आजही सर्वांना आहे आणि देणाऱ्याला राखीव खुर्ची नाही. हा मुद्दा दोनदा चर्चेला आला आणि दोन्ही वेळा देणाऱ्यांनीच तो फेटाळला.

दुसऱ्या वर्षी सतरा घरे कमी झाली. त्यांतली बरीचशी नाराज होऊन गेली नाहीत. त्यांच्या इमारती पुनर्विकासाला गेल्याने ती भाड्याने बिबवेवाडी, धनकवडी, आंबेगाव अशी पांगली. नवी ३१ घरे जोडली गेली, आणि मार्च २०२४ अखेर आकडा १२६ वर आला. दीडशेला २४ कमी आहेत. दोन जुन्या तानपुऱ्यांची जवारी काढून, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग घासून नाद नीट करून, घ्यायची आहे आणि एकाचा भोपळा तडकला आहे, तो तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे मिरजेला न्यावा लागेल. चौदाच्या जागी आता अठरा मुले फी न देता शिकतात, त्यामुळे तबल्याच्या आणखी दोन जोड्या हव्यात. हे सर्व नव्या वर्षाच्या पाटीवर लिहिले आहे. पाडव्यानंतरच्या रविवारी, १४ एप्रिल २०२४ ला, सकाळी नऊपासून फेरी पुन्हा सुरू होईल, आणि या वेळी अरण्येश्वरच्या बाजूच्या ज्या चार इमारतींत आम्ही आजवर गेलो नाही तिथून सुरुवात करायची ठरली आहे. पावती पुस्तक ताईंकडे आहे.